मिठाचे देऊळ

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासाच्या अंगाने काहीतरी लिहून द्या, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला असल्यामुळे मी पन्हाळ्यावर, पानिपतावर, नाही तर शाहू महाराजांवर लिहीन, अशी त्यांची समजूत असावी. परंतु मी लिहिणार आहे मिठाविषयी. ज्याच्यावाचून आपला एका वेळचा स्वयंपाक होत नाही आणि पान वाढताना ज्याला पहिला मान मिळतो, त्या मिठालाही इतिहास असतो. तो पाहावयास मला कोल्हापुराहून थेट पोलंड देशापर्यंत जावे लागले. जावे लागले असे म्हणते, कारण ते माझ्या आईचे देणे होते.

कोल्हापुराजवळच्या वळिवडे गावी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलिश निर्वासितांची वसाहत होती, हे आपल्यातील वडीलधाऱ्या भगिनींनी घरात ऐकले असेल. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना घरांतून उठवून सैबेरिया व कझाकस्तानकडे धाडले. पुढे करार होऊन त्यांतली काही सुटली आणि इराणमार्गे निरनिराळ्या देशांत पांगली. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार माणसे वळिवड्यास येऊन राहिली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. बराकींच्या रांगा, त्यांची शाळा, त्यांचे प्रार्थनामंदिर असे एक लहानसे पोलिश गावच पंचगंगेच्या खोऱ्यात वसले होते. ते लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव आले आणि आजचे गांधीनगर झाले.

माझे आजोबा या वसाहतीत दूध घालीत. आई तेव्हा अकरा-बारा वर्षांची. चरवी घेऊन तीही बरोबर जाई. एका बराकीतल्या बाईंशी तिची गट्टी जमली. आई त्यांना पोलिश मावशी म्हणे. या मावशींनी एकदा तिच्या हातावर पावाचा तुकडा ठेवला आणि वर चिमूटभर मीठ भुरभुरले. आलेल्या पाहुण्याला पाव आणि मीठ देण्याची त्यांच्याकडे रीत आहे. मग मोडक्यातोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांनी मावशींनी सांगितले, की आमच्या माहेराजवळ जमिनीखाली मीठ आहे, आणि तिथे खोल खाली मिठाचे देऊळ आहे. देव मिठाचे, भिंती मिठाच्या, झुंबरेसुद्धा मिठाची.

आईने घरी येऊन हे सांगितले मात्र, आणि तिच्या भावांची हसून पुरेवाट झाली. "आगं, मिठाचं देऊळ पहिल्या वळवातच विरघळलं असतं की!" असे थोरले मामा म्हणाले, आणि तेव्हापासून आमच्या आजोळी थापेला 'मिठाचे देऊळ' हे नावच पडले. कोणी फुशारकी मारू लागला की, "झालं सुरू मिठाचं देऊळ!" असे म्हणत. आम्ही मुलेही म्हणत होतो. आई कधी रागावली नाही. पण "मावशी खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या" हे एवढे वाक्य म्हणावयाचेही तिने कधी सोडले नाही.

माझी धाकटी लेक नोकरीच्या निमित्ताने क्राकूव शहरी राहावयास गेली आणि २०१८ च्या सप्टेंबरात मी तिच्याकडे निघाले, तेव्हा पंच्याऐंशी वर्षांच्या आईने एवढेच सांगितले, "ते देऊळ आहे का, तेवढं बघून ये." शाळेत इतिहास शिकविणाऱ्या बाईने उभ्या जन्मात एकदाही पुस्तक उघडून या गोष्टीची शहानिशा केली नव्हती, हे मला त्या वेळी फार लागले.

क्राकूवपासून दहा-बारा किलोमीटरांवर विएलिच्का नावाचे टुमदार गाव आहे. वरून पाहणाऱ्यास त्यात नवल वाटावे असे काही नाही. जे आहे ते सगळे जमिनीच्या पोटात. सतराव्या शतकात खोदलेल्या दानिवोविच विहिरीने आम्ही खाली उतरावयास लागलो. विहीर म्हणजे पाण्याची नव्हे. खाणीत जाण्यासाठी सरळ खाली खणलेला चौकोनी मार्ग. त्यात लाकडी जिना गोल गोल फिरत जातो. पहिल्या मजल्याला पोहोचेपर्यंत ३८० पायऱ्या! माझ्या गुडघ्यांची आणि माझी प्रत्येक वळणावर बोलणी चालली होती. लेक पुढून म्हणे, "आई, परत फिरायचं का?" आणि मी म्हणे, "तुझ्या आजीला काय तोंड दाखवू?" अखेरीस ६४ मीटर खोलीवर पाय टेकले. बाहेर ऊन होते. आत मात्र बाराही महिने राहणारा सोळा-सतरा अंशांचा गारवा. शालीची आठवण झाली.

आमच्यासोबत खाण दाखविणाऱ्या एक प्रौढ बाई होत्या. त्यांचे आजोबा याच खाणीत कामाला होते. त्यांनी प्रथम आम्हां सर्वांना खाणकामगारांचा नमस्कार शिकविला. 'श्चेंश्च बोझे' असे म्हणावयाचे; म्हणजे देव तुझे भले करो. खाली कोणी कोणास भेटले की आजही असेच म्हणतात. जिथून माणूस संध्याकाळी परत वर येईलच अशी खात्री नसे, तिथला नमस्कार असाच असणार.

मिठाच्या भिंती म्हटल्यावर मी पांढरे शुभ्र काही तरी डोळ्यांपुढे आणले होते. प्रत्यक्षात भिंती करड्या, हिरवट, काळपट. एखाद्या जुन्या वाड्याच्या घडीव दगडासारख्या. बाई म्हणाल्या, विश्वास नसेल तर चाटून पाहा. आजूबाजूला कोणी ओळखीचे नाही असे पाहून मी बोट फिरविले आणि जिभेला लावले. खारट! नुसते खारट नव्हे, चांगले झणझणीत खारट. त्या क्षणी पोलिश मावशींचे निम्मे बोलणे खरे ठरले.

आपल्याकडे मीठ येते ते समुद्रातून. भरतीचे पाणी मिठागरात घ्यावयाचे, उन्हाने आटवावयाचे आणि फावड्याने ओढावयाचे. कोकणातल्या आणि ठाणे-रायगडकडच्या मिठागरांवर आजही हे पाहता येते. विएलिच्काचे मीठही समुद्राचेच. मात्र तो समुद्र सुमारे १ कोटी ३५ लाख वर्षांपूर्वीचा. कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी तो आटला, मिठाचे थर तळाशी बसले, त्यांवर माती आली, आणि पुढे सरकत्या पर्वताने ते थर चादरीसारखे चुरगाळून टाकले. म्हणून तिथे मीठ सरळ पट्ट्यांत न सापडता कुठे घड्यांत, तर कुठे प्रचंड गोळ्यांत सापडते. एकेक गोळा कोरून काढला की मागे एकेक दालन उरते. अशी दोन हजारांहून अधिक दालने, नऊ मजले, ३२७ मीटर खोली आणि दोनशे चाळीस किलोमीटरांहून अधिक लांबीच्या वाटा असा या पाताळनगरीचा पसारा आहे. प्रवाशांना दाखवितात तो त्यातला जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटरांचा भाग.

या खाणीची एक जन्मकथाही आहे, आणि ती एका लेकीची आहे. हंगेरीचा राजा चौथा बेला याची कन्या किंगा हिचा विवाह क्राकूवचा राजा बोलेस्वाव याच्याशी ठरला. बापाने विचारले, आंदण काय हवे? ती म्हणाली, सोने-नाणे नको, माझ्या सासरच्या लोकांना मीठ द्या. राजाने तिला आपल्या देशातील एक मिठाची खाण दिली. किंगाने आपली वाङ्‌निश्चयाची अंगठी त्या खाणीत टाकली. सासरी आल्यावर तिने एका जागी खणावयास सांगितले. मिठाचा खडक लागला आणि पहिलाच खडा फोडला, तर आत तीच अंगठी! ही दंतकथा झाली. इतिहास असा, की या परिसरात खाऱ्या झऱ्यांचे पाणी आटवून मीठ काढण्याची विद्या नवाश्मयुगापासून, म्हणजे किंगाच्या कितीतरी हजार वर्षे आधीपासून होती. तेराव्या शतकात झरे आटत चालले, तेव्हा लोक खोल खणू लागले आणि खडकाचे मीठ हाती आले. परंतु किंगा खरी होती. १९९९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला संतपद दिले. खाणकामगारांनी तर तिला शेकडो वर्षांपूर्वीच आपली आई मानले होते. दंतकथा खरी की खोटी, हा प्रश्न मी माझ्यापुरता सोडून दिला. अंगठी सापडली नसेल. पण माहेराहून काय मागावे, हे त्या कथेतल्या लेकीला पुरते कळत होते.

मीठ हे राजालाही कळत होते. पोलंडचा राजा महान काझीमिएझ याने १३६८ साली खाणीचे सविस्तर नियम केले. मीठ कोणी काढावयाचे, कोणी विकावयाचे, देखरेख कोणाची, हे सर्व ठरवून दिले. त्या काळी राजाच्या तिजोरीत पडणाऱ्या पैशांपैकी सुमारे एक-तृतीयांश पैसा मिठाचा असे. १३६४ साली त्याने क्राकूवला विद्यापीठ काढले. तिथल्या अध्यापकांचे वेतनही मिठाच्या उत्पन्नातून भागविण्याची व्यवस्था त्याने केली होती. ज्या कोपर्निकसाने पुढे पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगितले, तो याच विद्यापीठाचा विद्यार्थी. शिक्षिका या नात्याने मला त्या हिरवट भिंतींबद्दल एकदम आदर वाटू लागला.

परंतु मिठाने तिजोरी भरते ती का भरते, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. श्रीमंताला आणि गरिबाला मीठ सारखेच लागते. किंबहुना घाम गाळणाऱ्या गरिबाला ते अधिक लागते. म्हणून राजा कोठलाही असो, त्याची नजर आधी मिठावर जाते. १९३० साली दांडीला गांधीजींनी मूठभर मीठ उचलले आणि आपल्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या, त्या याच कारणाने. पोलंडचे काय झाले? १७७२ साली शेजारच्या तीन सत्तांनी त्या देशाचा पहिला लचका तोडला, तेव्हा ऑस्ट्रियाने जे घेतले त्यात विएलिच्काची खाण होती. पुढे १७९५ ते १९१८ पर्यंत पोलंड हा देश नकाशावरच नव्हता. जमिनीखालचे मीठ मात्र निघत राहिले आणि त्याचा पैसा व्हिएन्नाला जात राहिला. याच काळात मोठमोठे पाहुणे खाण पाहावयास येऊ लागले. १७७४ पासून त्यांच्या सह्यांचे पुस्तक ठेवण्यास सुरुवात झाली. जर्मन कवी गटे १७९० साली येऊन गेला; संगीतकार शोपँ १८२९ साली आला. म्हणजे प्रवाशांनी ही खाण पाहणे काही आजकालचे नव्हे. निदान अडीचशे वर्षांची ही प्रथा आहे.

पाहुण्यांच्या सह्या पुस्तकात राहिल्या. मीठ काढणाऱ्यांच्या कुठे असणार? त्यांच्या खुणा भिंतींवर आहेत. टाकीच्या घावांच्या रेषा दालनोदालनी हात लावून पाहता येतात. पूर्वी माणसे दोराला बांधलेल्या झोळ्यांत बसून खाली उतरत. मोठमोठे खडक गोल घडवून गडगडत नेत. चुऱ्याची पिंपे भरत. वर चढविण्यासाठी घोड्यांनी फिरवावयाचे प्रचंड लाकडी रहाट होते. तसला एक रहाट आजही एका दालनात उभा आहे. घोड्यांचे तबेले खालीच असत. एकदा खाली आणलेल्या घोड्याला सूर्य दिसणे कठीण. खाणीतली शेवटची घोडी बाश्का ही २००२ साली वर आली. मुकी जनावरे म्हणून आपण हळहळतो. माणसांचे तरी काय वेगळे होते?

एका दालनात जमिनीवर सरपटणारी माणसे दाखविली आहेत. हाती लांब काठ्या, काठ्यांच्या टोकाला पेटते पलिते. खाणीत ज्वालाग्राही वायू साठे आणि त्याचा भडका उडे. तो साठण्याआधीच थोडा थोडा जाळून टाकण्यासाठी ही माणसे ओली वस्त्रे पांघरून, पोटावर सरपटत पुढे जात आणि छताशी जमलेल्या वायूला पलिता लावीत. त्यांना 'प्रायश्चित्त घेणारे' अशा अर्थाचे नाव होते. वायू थोडा असला तर निभावले. जास्त असला तर ती माणसे परत येत नसत. आपल्या पानातल्या चिमटीभर पदार्थासाठी कोणी असेही सरपटत गेले होते, हे पाहून माझ्याने पुढे पाऊल टाकवेना.

अशा माणसांना देवाची आठवण येणारच. त्यांनी खालीच, जे हाताशी होते त्यातून, मिठातून, देवघरे कोरली. त्यांतले संत अंतोनीचे देवघर सतराव्या शतकाच्या अखेरचे. १६९८ साली तिथे पहिली प्रार्थना झाली. इथे पोहोचल्यावर मला मामांची आठवण झाली. कारण तिथल्या मूर्तींना चेहरेच उरलेले नाहीत! नाक नाही, डोळे नाहीत. खांदे आणि हात ओघळून गेल्यासारखे. लहान मुलाने चोखून ठेवलेल्या खडीसाखरेसारख्या त्या दिसतात. जवळच्या विहिरीतून वरची दमट हवा तीनशे वर्षे येत राहिली आणि मूर्ती हळूहळू विरघळत गेल्या. मिठाचे देऊळ विरघळते, हे मामांचे म्हणणे अगदीच काही खोटे नव्हते.

आणि मग आणखी पायऱ्या उतरून, जमिनीखाली १०१ मीटरांवर, आम्ही एका सज्जात येऊन उभे राहिलो. खाली पाहिले आणि माझ्या तोंडून "आई!" एवढाच शब्द निघाला. लेकीला वाटले, गुडघा लचकला.

ते संत किंगाचे देऊळ होते. ५४ मीटर लांब, १८ मीटर रुंद, १२ मीटर उंच. वेदी मिठाची, मूर्ती मिठाच्या, भिंतींवर ख्रिस्तचरित्रातले प्रसंग मिठात उठविलेले. जमीन फरशांची वाटते. पण तो अखंड मिठाचाच खडक, त्यावर फरशीच्या रेघा कोरल्या आहेत. वर झुंबरे, त्यांचे लोलक काचेचे नव्हेत. करडे मीठ पाण्यात विरघळवून, पुन्हा जमवून, स्वच्छ झालेल्या खड्यांचे ते केले आहेत. मावशींनी झुंबरांसकट सगळे खरे सांगितले होते.

एवढे हे देऊळ कोणी घडविले? राजाने नव्हे, धर्मगुरूंनी नव्हे. यूझेफ मार्कोव्स्की हा खाणकामगार. त्याने १८९६ च्या सुमारास काम हाती घेतले. त्याच्यामागून त्याचा भाऊ तोमाश आणि त्यानंतर आंतोनी विरोदेक. तिघेही खाणीतलेच. विरोदेकने लिओनार्दोच्या चित्रावरून येशूच्या शेवटच्या भोजनाचा देखावा कोरला आहे. कोरीव काम बोटभर खोल, पण दालन मैलभर लांब असल्याचा भास होतो. १९६३ पर्यंत, म्हणजे सुमारे सदुसष्ट वर्षे, हे काम चालले होते. आई वळिवड्यास पावावरचे मीठ खात होती, त्या वेळी हे देऊळ पुरे व्हावयाचे होते. मावशींनी अर्धे झालेले देऊळ तिच्या डोळ्यांपुढे पुरे उभे केले होते.

मावशींच्या देशावर त्याच वेळी काय गुदरले होते, तेही या खाणीत वाचावयास मिळते. विएलिच्कात शेकडो ज्यू कुटुंबे नांदत होती. १९४२ च्या ऑगस्टात नाझींनी त्यांना एकत्र करून बेव्झेत्स येथील मृत्युछावणीत धाडले. १९४४ साली विमानांचे भाग बनविण्याचा कारखाना बॉम्बहल्ल्यांपासून सुरक्षित म्हणून खाणीत हलविण्याचा घाट घातला गेला आणि त्यासाठी प्वाशूवच्या छावणीतून ज्यू कैदी आणले. खारट हवेने यंत्रे गंजू लागली, आघाडी जवळ आली आणि कारखाना गुंडाळला गेला. यंत्रे हलविली, त्या कैद्यांतील कितीतरी जणांच्या नशिबी मात्र पुढच्या छावण्याच आल्या. आमच्या बाईंचा आवाज इथे खाली गेला. देवळाच्या झगमगाटातून आलेली आम्ही सारी माणसे मुकाट झालो. ज्या मिठाने इतक्या पिढ्यांना पोसले, त्याच मिठाच्या भिंतींनी हेही पाहिले.

आता उरला तो मामांचा प्रश्न. एक देवघर विरघळले, मग दुसरे का नाही? मी तो बाईंना विचारला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तेही विरघळतंच आहे, आम्ही विरघळू देत नाही."

त्यांनी जे सांगितले ते मी थोडक्यात देते. खाणीचे खरे वैरी दोनच, पाणी आणि दमट हवा. आसपासच्या जमिनीतले गोडे पाणी सतत झिरपत असते. मिठाला भिडले की ते मीठ खाते. १९९२ साली मिना नावाच्या बोगद्यात पाण्याचा आणि गाळाचा मोठा लोंढा फुटला. वरची जमीन खचली, लोहमार्ग वाकला, जवळच्या मठाच्या इमारतींना तडे गेले. तो लोंढा आवरताना सर्वांचा जीव मेटाकुटीस आला. हवेचे दुखणे याहून कपटी. उन्हाळ्यातली उबदार ओलसर हवा आत येते आणि गार मिठावर दव धरते. त्यात वर्षाकाठी दहा लाखांहून अधिक प्रवासी. त्यांच्या श्वासाचीही वाफ होतेच. युनेस्कोने १९७८ साली जागतिक वारशाची जी पहिली बारा स्थळे जाहीर केली, त्यांत ही खाण होती. पण १९८९ साली याच दमटपणामुळे ती धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेली. आत जाणारी हवा कोरडी करण्याची यंत्रे बसविली, तेव्हा १९९८ मध्ये ती त्या यादीतून बाहेर आली.

मीठ काढण्याचा धंदा १९९६ साली बंद झाला. मला वाटले होते, खाण बंद झाली म्हणजे कुलूप लावले, दिवे लावले आणि तिकिटे विकावयास बसले. तसे नाही. आजही शेकडो कामगार रोज खाली उतरतात. आता ते मीठ फोडीत नाहीत. ते टेकू बदलतात, धोक्याच्या पोकळ्या वाळूने भरतात, तडे बुजवितात, पाणी धरून वर काढतात. त्या खाऱ्या पाण्याचे मीठ करून विकतातही. पण ते काम मिठासाठी नव्हे, खाण राहावी म्हणून. हे काम कधीही पुरे होणारे नाही. आज पाणी उपसले म्हणून उद्या सुट्टी नाही. आणि जो प्रवासी झुंबरे पाहून माना डोलावतो, त्याला यातले काहीच दिसत नाही. दिसले तर कुठेतरी चूक झाली असे समजावयाचे.

भगिनींनो, हे ऐकताना मला परके काहीच वाटले नाही. घरात केलेले काम दिसत नाही, न केलेले तेवढे दिसते, हे आपल्यापैकी कोणाला सांगावयास हवे? यूझेफ, तोमाश आणि आंतोनी यांची नावे मी वर लिहिली, ती लिहिलीच पाहिजेत. परंतु त्यांनी घडविलेले आज उभे आहे ते ज्यांनी रात्रीच्या पाळीला पंप चालू ठेवला त्यांच्यामुळे. इतिहासाच्या पुस्तकांत बांधणाऱ्यांची नावे असतात. राखणाऱ्यांची नसतात. तीस वर्षे मी मुलींना बांधणाऱ्यांच्या सनावळ्या पाठ करावयास लावल्या. राखणाऱ्यांविषयी एकही प्रश्न कधी परीक्षेत घातला नाही.

वर येताना, देवाची कृपा, जिना नव्हता. कामगारांचा पाळणा होता. आठ-नऊ माणसे त्यात अंग चोरून उभी राहिली, काळोख झाला आणि क्षणात सुसाट वर. बाहेरचे ऊन डोळ्यांना सोसेना. दुकानातून मी पावशेर मीठ विकत घेतले. लेक म्हणाली, "आई, परदेशातून लोक सुगंधी साबण नेतात, तू मीठ नेतेस?" मी म्हटले, "किंगाने तेच मागितले होते."

कोल्हापूरला आल्यावर आईपुढे छायाचित्रे ठेवली. तिने चष्मा लावून एकेक सावकाश पाहिले. देवळाच्या चित्रावर बराच वेळ बोट फिरविले. मी म्हटले, "आई, मावशींचं खरं होतं गं. आम्हीच हसलो." ती म्हणाली, "मला ठाऊकच होतं." आणि मग, मामांनी पंचाहत्तर वर्षांपूर्वी विचारलेलेच तिने विचारले, "पण विरघळत कसं नाही?" मी पंपांचे, टेकूंचे, कोरड्या हवेचे सगळे सांगितले. ती म्हणाली, "रोज बघतात म्हणतेस. मग राहील."

त्या संध्याकाळी तिने भाकरीचा तुकडा घेतला, वर विएलिच्काचे मीठ चिमूटभर घातले आणि खाल्ले. उरलेले मीठ तिने बरणीत भरून ठेवले. थोरल्या मामांच्या घरीही एक पुडी आठवणीने पाठविली. मामा तेव्हा हयात नव्हते. पण त्यांच्या नातवंडांना सगळी हकिकत सांगण्याची ताकीद पुडीबरोबर गेली. आता त्या घरात 'मिठाचे देऊळ' म्हणतात, ते थापेला नव्हे.

आई २०२१ साली गेली. बरणी माझ्याकडे आहे. पावसाळ्यात मीठ पाणी सोडते, म्हणून मी तिच्यात तांदळाची पुरचुंडी ठेवते आणि दर चार-आठ दिवसांनी बदलते.

आपल्या मंडळाचा वर्धापनदिन साजरा करताना स्थापना करणाऱ्या भगिनींची नावे आपण आदराने घेऊ, घेतलीच पाहिजेत. त्याचबरोबर सभेच्या आधी सतरंजी घालणाऱ्या, वर्गणीचा हिशेब आणा-पैशापासून आजवर चोख ठेवणाऱ्या आणि सगळ्या गेल्यावर कुलूप लावून घरी जाणाऱ्या भगिनींचीही आठवण ठेवू. विएलिच्कात मला जे समजले, ते एवढेच आहे.